डोंगरावरच्या देवाचं पिंप

शमाल सुटला की आमच्या घरात कामं आपोआप वाटली जातात. हमीदा बाल्कनीतले कपडे काढते, मी खिडकीशी खुर्ची ओढून बसतो आणि आमची नात सना आतून ओरडते, "नाना, प्लीज क्लोज द विंडो, सो मच डस्ट!" गल्फमधल्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतल्या या तिसऱ्या मजल्यावरून समुद्र दिसत नाही. समोरच्या इमारती दिसतात, ओळीत उभी केलेली खजुरीची झाडं दिसतात आणि पार्किंगसाठी गोल गोल फिरणाऱ्या गाड्या दिसतात. पण हा हिवाळी वारा उत्तरेकडून पाण्यावरून येतो, आणि जन्मभर दर्यावर राबलेल्या माणसाला ते वासावरून कळतं. ऐंशी कधीच ओलांडली. कान गेले, गुडघे गेले, नाक तेवढं अजून ड्युटीवर आहे.

यंदा शमाल आला त्याच दिवशी सनाने दुकानातून तांदळाचं एक पाकीट आणलं. तिला हल्ली फोनवर बघून जपानी गुंडाळ्या करायचा नाद लागलाय. हमीदाने पाकिटावरची किंमत वाचली आणि नेहमीप्रमाणे मोठ्याने हिशेब केला, "अठरा दिरहम! म्हणजे चारशे रुपयांच्या वर गेले की गं." "नानी, इट्स स्पेशल राइस," सना म्हणाली. हमीदाने चार दाणे तळहातावर घेतले. आखूड, गोल, दुधाळ दाणा. तिने तो बोटाने इकडून तिकडे फिरवला आणि मग माझ्याकडे बघितलं. आमच्या लग्नाला साठ वर्षं होत आलीत. इतक्या वर्षांनी एकमेकांकडे बघण्यात बरंच बोलून होतं.

"तोच ना?" ती म्हणाली.

"तोच," मी म्हणालो.

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. युएई हे नाव तेव्हा जन्मालाही आलेलं नव्हतं. आम्ही रास अल खैमाला राहत होतो. खजुरीच्या झावळ्यांच्या भिंती, वर झावळ्यांचंच छप्पर, मागे तांबडे उघडे डोंगर आणि पुढे खाडी. जयगडच्या खाडीकडचे आम्ही दहा-बारा कोकणी तिथे होतो. कुणी लाँचवर, कुणी धक्क्यावर, कुणी अरबाच्या दुकानात. बायको आणण्याचा शहाणपणा किंवा वेडेपणा आमच्यातल्या दोघांनीच केला होता आणि त्यातला एक मी. त्या हिवाळ्यात हमीदाला चौथा महिना होता.

मी एका जपानी बोटीवर खलाशी होतो. समुद्राच्या तळाखाली तेल आहे का ते बघत फिरणारी छोटी बोट. आठ जपानी आणि नववा मी. बोटीचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, मोरिता-सान म्हणून होता. 'सान' म्हणजे आपल्याकडचं 'साहेब' समजा किंवा 'भाऊ' समजा, दोन्ही चालतं. पन्नाशीचा, बुटका, मनगटं वल्ह्यासारखी जाड. तो मोडकं इंग्लिश बोलायचा, मी त्याहून मोडकं हिंदी-इंग्लिश मिसळून बोलायचो, आणि त्यामुळे आमचं भांडण कधी झालं नाही. भांडायला भाषा नीट यावी लागते.

हमीदाचे त्या दिवसांत फार हाल झाले. पोटात काही ठरत नव्हतं. खुबूस, म्हणजे अरबी रोटी, खाल्ला की उलटी, मासळीचा वास आला की उलटी. तिथे मिळणारा तांदूळ लांब दाण्याचा. इतरांना त्याचं कोण कौतुक! पण तिला तो बघवत नसे. "दाणा दाण्याला ओळखत नाही असला भात," ती म्हणायची, "माझ्या घशाखाली जात नाही." तिला हवी होती पेज. जाड तांदळाची, मऊ, वर मीठ आणि बाजूला भाजलेला सुका बांगडा. तिने माहेरी पत्र लिहवून तांदूळ मागवला होता, पण तो येणार गलबताने, आणि गलबत येणार त्याला वाटेल तेव्हा. ती वाळत चालली होती. मला फार भीती वाटत होती, आणि पुरुषाला भीती वाटली की तो उगीच ओरडतो, तसा मीही ओरडत होतो.

शेवटी दोन दिवसांची सुट्टी मागून घरी थांबलो. बोट माझ्याशिवाय गेली. आणि त्याच वेळी शमाल लागला तो चांगला चार दिवस. समुद्र गढूळ, आभाळ वाळूच्या रंगाचं, घरात भाकरीवरही वाळू. पाचव्या दिवशी पहाटे फजरची नमाज झाली आणि वारा पडला. मी किनाऱ्यावर चक्कर मारायला गेलो. असं वादळ गेलं की दर्या काय काय आणून टाकतो, फळ्या, दोरखंड, कधी मेलेलं कासव. त्या दिवशी त्याने एक लाकडी पिंप आणलं होतं.

गुडघ्याएवढं पिंप. नीट बसवलेल्या फळ्या, वेताचे बंद, वर काठी आणि काठीला कापडाची चिंधी. झाकण डांबराने बंद केलेलं. एखाद्या जाणाऱ्या जहाजावरून पडलं असेल, असं समजून मी ते खांद्यावर मारलं. दर्याने किनाऱ्यावर टाकलं ते उचलणाऱ्याचं, हे आम्ही लहानपणापासून धरून चाललेलो. घरी आणून झाकण उघडलं तर आत मेणकापड, मेणकापडात पांढरी पिशवी, पिशवीत चारेक किलो तांदूळ. शिवाय मधे भोक असलेली काही नाणी, एक चपटी बाटली आणि घडी केलेला कागद. बाटलीचं बूच काढून वास घेतला आणि तिच्यातलं सगळं वाळूला पाजलं. नाणी डब्यात टाकली. कागदावर उभ्या ओळीत शाईची अक्षरं होती. बोटीवर लिहिलेलं मी कधी निरखून बघितलं नव्हतं; चिनी असावीत म्हणालो. तो कागद मी कुराणशरीफच्या खालच्या फळीवर ठेवला. लिहिलेला कागद टाकायचा नाही ही आमच्या घरातली शिस्त. कोणत्या भाषेत कुणाचं नाव असेल, आपल्याला काय ठाऊक?

हमीदाने तांदूळ सुपात घेतला आणि तिचा चेहरा बदलला. "अवो, हा तर आपल्याकडच्यासारखा!" तासाभरात पेज झाली. ती वाटीभर प्यायली. मी दाराशी उभा राहून उलटीची वाट बघत होतो. उलटी झाली नाही. संध्याकाळी ती आणखी एक वाटी प्यायली आणि गाढ झोपली. मी बाहेर वाळूवर बसून अल्लाचे इतके आभार मानले की बाजूच्या अरबाची शेळी माझ्याकडे टक लावून बघायला लागली. तो तांदूळ तिने पुरवून पुरवून महिनाभर खाल्ला. गालावर मांस आलं, आवाज आला, माझ्यावर ओरडणं पुन्हा सुरू झालं. रिकाम्या पिंपात तिने सुक्या कोळंबीचे सोडे भरून ठेवले.

त्या वर्षी बकरी ईद हिवाळ्याच्या शेवटाला आली. मी मोरिता-सानना जेवायला बोलावलं. ते पांढरा शर्ट घालून, बूट पुसून आले आणि दारात बूट काढून आमच्या चटईवर गुडघे मुडपून बसले. आमच्यातल्या कुणी इतकं सरळ बसत नाही. हमीदाने आतून ताट सरकवलं. त्यांनी पहिला घास घेतला, मान डोलावली, आणि मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या पिंपावर गेली. हातातला घास ताटात गेला. ते उठले, पिंपाजवळ गेले, ते तिरकं करून त्याच्या बुडाशी डागलेली खूण बघितली.

"इब्राहिम," ते हळू म्हणाले, "पेपर?"

मी फळीवरून कागद काढून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेऊन कपाळापर्यंत नेला. पिंप आमच्याच बोटीवरचं होतं. मी सुट्टीवर असताना त्यांनी ते समुद्रात सोडलं होतं.

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या मुलखात शिकोकू नावाचं बेट आहे. तिथल्या डोंगरावर शेकडो वर्षांचं जुनं देऊळ, दर्यावर्दी माणसांच्या देवाचं. कोंपिरा-सान म्हणतात त्याला. खलाशाला कामामुळे तिथे जाता येत नाही. मग तो पिंपात तांदूळ, दारू, नाणी आणि मागणं लिहिलेला कागद घालून, वर निशाण लावून ते समुद्रात सोडतो. ज्याला ते सापडेल त्याने पुढे न्यायचं. कोळ्याला सापडलं तर कोळ्याने, दुसऱ्या जहाजाला सापडलं तर जहाजाने. हातोहात ते डोंगरापर्यंत पोचतं आणि वर ठेवलं जातं. सोडणाऱ्याला पुण्य आणि नेणाऱ्यालाही.

"इथून सोडलं तर जपानला कसं पोचणार?" मी विचारलं.

"कुणाला तरी सापडणार," ते म्हणाले. जणू ट्रेन किती वाजता येते ते सांगावं, इतक्या सहज.

"मग आता तुम्हीच न्या परत."

त्यांनी मान हलवली. "मी सोडलं. सोडलेलं मी घ्यायचं नाही. सापडलं तुला." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "राइस?"

मी बोटं तोंडाशी नेऊन खाल्ल्याची खूण केली. पडद्याआड बांगड्यांचा आवाज झाला आणि थांबला. हमीदाला इंग्लिश येत नव्हतं, पण 'राइस' एवढं तिला कळत होतं. मोरिता-सान रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते हसले, हाताने 'नो प्रॉब्लेम' केलं, दुसरा तांदूळ घाल म्हणाले, आणि ताटातलं सगळं नीट संपवून गेले.

ते गेल्यावर हमीदा बाहेर आली आणि मी तिला सगळं सांगितलं. "अवो, मी अमानत खाल्ली," ती म्हणाली.

"आपल्याला माहीत नव्हतं गं."

"पोटात गेलं ते गेलं. आणि माझ्या एकटीच्या पोटात नाही गेलं." तिने ओटीपोटावर हात ठेवला. "ते पोचेपर्यंत मी भाताला हात लावणार नाही."

"वेडी झालीस काय? मग खाशील काय?"

"खुबूस आहे. मासळी आहे. खजूर आहे. आता ठरतं पोटात. मरत नाही मी. पण बाळ यायच्या आधी ते पोचायला हवं, मी सांगून ठेवते."

कोकणातल्या बाईने भात सोडणं म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला समजवावं लागत नाही. आणि अमानत, म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली वस्तू, काय असते हे गल्फमधल्या कोकण्याला समजवावं लागत नाही. त्या काळी आमच्यातला कुणी गावाला निघाला की त्याच्या पेटीत त्याचं स्वतःचं सामान कमी आणि दुसऱ्यांचं जास्त. कुणाचा टॉर्च, कुणाच्या आईचा चष्मा, कुणाच्या बायकोचं अत्तर. गावात उतरल्यावर आधी सगळ्यांची पार्सलं घरोघर पोचवायची आणि मग आपल्या उंबऱ्यात पाय टाकायचा, हा आमचा अलिखित कायदा. माझे स्वतःचे अब्बा चार वर्षांनी घरी आले तेव्हा दोन तास गावभर फिरत होते आणि आम्ही पोरं दारात उभी होतो. आता कार्गोवाले आहेत, फोनवर पार्सल कुठे पोचलं ते दिसतं. सोय झाली, मी तक्रार करत नाही. पण तेव्हा सामान माणसाच्या शब्दावर जायचं.

माझ्या मनात मात्र दुसराच घोळ होता. आपण मुसलमान, ते देऊळ. न्यावं की न न्यावं? आमच्यातले एक वडीलधारे हाफिजजी मशिदीत नमाज पढवायचे. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दाढीवरून हात फिरवला आणि विचारलं, "तिथे माथा टेकून सजदा करायला सांगतायत काय तुला?"

"नाही. नुसतं पोचवायचं."

"मग पोचव. झुकू नकोस, मागू नकोस. अमानत कुणाची आहे हे बघायचं नसतं, ती आपली नाही एवढं बघायचं. यल्ला, जा आता. बायकोला सांग, खजूर जास्त खा."

आणि मग बघा योग. चारच दिवसांत गलबत आलं. हमीदाच्या बापाने अर्धं पोतं तांदूळ पाठवला होता, त्यांच्या स्वतःच्या शेताच्या कुणग्यातला, तांबूस जाड. ज्याच्यासाठी ती हिवाळाभर झुरली तो तांदूळ दारात आला तो भात सोडल्यानंतर. तिने पोतं उघडलं, हात कोपरापर्यंत आत घातला, वास घेतला. मग पांढरी पिशवी धुऊन वाळवून तिच्यात काठोकाठ तांदूळ भरला, खडे वेचून वेचून. पिंप तर तिने आठ दिवस उन्हात ठेवून घासलं; सोड्यांचा वास देवाच्या दारात जाऊ नये म्हणून. डब्यातली नाणी आणि तो कागदही परत पिंपात गेला. उरलेल्या पोत्याला गाठ मारली आणि ते कोपऱ्यात उभं केलं. मी तिला एवढंच म्हणालो की तू फार हट्टी आहेस. खरं म्हणजे मला तिचा अभिमान वाटत होता, पण तो सांगायची तेव्हा आमच्यात पद्धत नव्हती. आता सांगतो, लिहूनच ठेवतो.

बोट दुरुस्तीसाठी जपानला जायची होती. मला घेतलं नसतं तरी चाललं असतं, पण मोरिता-साननी माझं नाव लावलं. हमीदाला शेजारच्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या, हवाली करून मी निघालो. तीन आठवडे पाणीच पाणी. पिंप माझ्या बिछान्याच्या पायथ्याशी बांधलेलं. रोज एकदा झाकण हाताने चाचपून बघायचो. आठही जपानी येता-जाता त्याच्याकडे बघून मान लववायचे, आणि मग जरा माझ्याकडे बघूनही. मला वाटलं सवयीने करत असतील.

गोदीतून रजा मिळाली त्या दिवशी बारीक पाऊस होता. मोरिता-सान आणि मी गाडीने डोंगराच्या गावाला गेलो. पायऱ्या सुरू झाल्या त्या संपेचनात. दगडी, ओल्या, कडेला दुकानं, काठ्या विकायला ठेवलेल्या. सातशेच्या वर पायऱ्या आहेत हे त्यांनी मला अर्ध्या वाटेवर सांगितलं, आधी सांगायचं टाळलं होतं. पिंप माझ्या खांद्यावर. त्यावर त्यांनी नवं निशाण लिहून लावलं होतं. त्यांचा गुडघा दुखत होता, माझा खांदा भरून आला होता, पण त्यांनी पिंपाला बोट लावलं नाही. निशाण वाचून लोक बाजूला होत होते. एका म्हातारीने वाटेत उभं राहून मला वाकून नमस्कार केला. मला कुणी असा नमस्कार आयुष्यात केला नव्हता. काय करावं कळेना, म्हणून मी सलाम केला.

वर एका मोकळ्या जागी पाच मोठ्या पांढऱ्या छत्र्यांखाली पाच बाया पिवळी खडीसाखरेसारखी मिठाई विकत होत्या, छोट्या हातोडीने फोडून खायची. आवारात विकायचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या त्या पाच घरांचाच, मोरिता-सान म्हणाले. पुढे तबेल्यात एक पांढरा घोडा, देवाचा. त्याच्यासमोर आम्ही दम घ्यायला बसलो तेव्हा त्यांनी जुन्या दिवसांतली गोष्ट सांगितली. म्हणे पूर्वी ज्याला येणं जमत नसे तो शेजाऱ्याला आपल्या नावाने पाठवायचा, आणि शेजारीही नसला तर कुत्र्याला. कुत्र्याच्या गळ्यात पिशवी, पिशवीत मालकाचं नाव. वाटेवरचे लोक त्याला खाऊ घालायचे, पुढच्याच्या हवाली करायचे, आणि कुत्रा डोंगर चढून यायचा. मला आमची हज-ए-बदल आठवली. ज्याच्याने होत नाही त्याच्या नावाने दुसऱ्याने हज करायची. माणसाचे पाय थकतात आणि इच्छा थकत नाही, तेव्हा सगळ्याच मुलखांत दुसऱ्याचे पाय मागून घेतात वाटतं.

"आणि कोंपिरा-सान तुमच्याकडचे," मोरिता-सान म्हणाले. "इंडिया. गंगा नदी. मगर." हाताने मोठा जबडा करून दाखवला.

"म्हणजे मुलूखवालाच निघाला," मी म्हणालो. मला एकदम कमी परकं वाटायला लागलं.

देवळाच्या अलीकडे दगडी हौद होता, त्यावर लाकडी पळ्या. हात धुवून आत जायचं असतं. मी पाणी बघितलं आणि माझे हात आपोआप कामाला लागले. बाह्या वर केल्या, हात मनगटापर्यंत तीनदा, तोंडात पाणी, नाकात पाणी, चेहरा, कोपरं, डोक्यावरून ओला हात, आणि मग खाली बसून पाय घोट्यापर्यंत धुतले. नमाजाआधीचा पूर्ण वजू! उठून बघतो तर दहा-बारा माणसं थांबून बघतायत. त्यांच्यात फक्त बोटं आणि तोंड धुतात. लाजेने माझे कान लाल झाले. मोरिता-साननी माझ्याकडे बघितलं, स्वतःच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत हात धुतले. मग शेजारच्या एका माणसानेही धुतले. कुणी हसलं नाही. त्या एका गोष्टीसाठी मी त्या मुलखाचा जन्मभर ऋणी आहे.

देवळाचं छप्पर झाडाच्या सालीचं, काळपट, पावसाने ओलं झालेलं. आत अंधार आणि लाकडाचा वास. बाजूच्या पडवीत जहाजांची चित्रंच चित्रं, फोटो, लाकडी नमुने; वाचलेल्यांनी आणून टांगलेले. लोक दोनदा वाकत होते, दोनदा टाळी वाजवत होते, पुन्हा वाकत होते. मी पिंप दोन्ही हातांनी पुजाऱ्यापुढे ठेवलं आणि मोरिता-सानना म्हणालो, "त्यांना सगळं सांगा. तांदूळ आम्ही खाल्ला, दारू मी सांडली. हा आमच्या शेतातला तांदूळ आहे. बाटली आणू शकलो नाही."

पुजारी तरुण होता. त्याने ऐकलं, पिशवी उघडून तांबूस तांदूळ ओंजळीत घेतला, काहीतरी विचारलं.

"तो विचारतो, रंग असाच असतो?"

"असाच," मी म्हणालो. "धुतला तरी जात नाही."

पुजाऱ्याने पिशवी दोन्ही हातांनी उचलून वर ठेवली. मग कागद उघडला आणि लांब सुरात वाचायला लागला. बोटीचं नाव आलं, ते मला ओळखू आलं. मग माणसांची नावं. मोरिता. मग आचारी. मग इंजिनवाला. एकेक नाव मला ओळखू येत होतं, मी मनात मोजत होतो. आठ झाली. पुजारी थांबला नाही. त्याने अडखळत, एकेक अक्षर सोडवत वाचलं: "इ-बु-रा-हि-मु."

मी मोरिता-सानकडे बघितलं. ते आपल्या मोज्यांकडे बघत होते.

"बोटीवर माणसं नऊ," ते म्हणाले. "नावं नऊ."

मी रडलो. सरळ सांगतो, देवळात उभा राहून हुंदके देऊन रडलो. ज्या दिवशी त्यांनी ते पिंप सोडलं त्या दिवशी मी बोटीवर नव्हतो. तरी त्यांनी माझी सलामती आपल्या देवाकडे मागितली होती, आणि मला कधी सांगितलंही नसतं. मी वाकलो नाही, टाळी वाजवली नाही. पण दोन्ही हात पसरून, आमच्या पद्धतीने, उरलेल्या आठ नावांसाठी माझ्या अल्लाकडे दुआ मागितली. प्रत्येक नाव घेऊन मागितली. पुजारी तोपर्यंत थांबला. त्याने एक पिवळा ताईत पुढे केला. मी घुटमळलो, तेव्हा मोरिता-साननीच तो घेतला आणि बोटीच्या सुकाणूघरात टांगला. तिथे तो आम्हा सगळ्यांचा झाला.

हमीदाला त्याच दिवशी पत्र टाकलं. ते माझ्या मागून आठ दिवसांनी पोचलं, हा पत्रांचा तेव्हाचा वेग.

परत आलो तेव्हा उन्हाळा लागला होता. दुपारची वेळ. हमीदा सावलीत बसून मासळी साफ करत होती, पोट एवढं मोठं की परातीपर्यंत हात पुरत नव्हता. तिने सलामाचं उत्तर देण्याआधी विचारलं, "पोचलं?"

"पोचलं."

"तांदूळ घेतला त्यांनी? हा दुसरा आहे म्हणून सांगितलंत?"

"सांगितलं. दोन्ही हातांनी घेतला."

तिने डोळे मिटले. ओठ हलले. मग मी तिच्यासमोर बसलो आणि कागदावरच्या नावांचं सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली.

"तुमचं नाव? तुम्ही तर तेव्हा इथे होता, माझ्याजवळ."

"तरी. नववं."

तिने तोंडावर पदर धरला. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं.

"म्हणजे मी माझ्या नवऱ्याच्याच वाटणीचं खाल्लं!" ती म्हणाली. "आणि इतके दिवस खुबूस चावत बसले!"

भिंतीचा आधार घेत ती उठली. कोपऱ्यातल्या पोत्याची गाठ सोडली आणि सुपात तांदूळ घ्यायला लागली. मापटं भरत होती आणि मोजत होती. मी म्हणालो, दोघांना एवढा कशाला?

"नऊ तुम्ही," ती म्हणाली. "दहावी मी." मापटं तिच्या हातात थांबलं, दुसरा हात पोटावर गेला. "आणि हे अकरावं. खालाकडचं मोठं पातेलं आणते मी. जा, बोलवा त्या सगळ्यांना."

मी चपला न घालताच धक्क्याकडे निघालो.